धूर शिनोळीला, आकडा बेळगावला

सॉफ्टवेअर, डेटा, ऑटोमेशन या कामांच्या कंपन्या एका शहरात गोळा झाल्या की त्या शहराची हरित उत्पादकता वाढते, असा निष्कर्ष गेल्या काही वर्षांत अनेक अभ्यासांतून निघाला आहे. त्यातले बहुतेक अभ्यास चीनमधल्या शहरांवरचे. तोच निष्कर्ष बेळगावला लावला तर काय दिसेल, याचं हे प्रकरण. आकडा वाढेल, हे जवळजवळ ठरलेलंच आहे. प्रश्न आहे तो कशामुळे वाढला याचा. फाउंड्रीची, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्याची, भट्टी सुधारली म्हणून, की भट्टी हद्दीबाहेर गेली म्हणून? नेहमीच्या पद्धतीने मोजलं तर या दोन गोष्टी वेगळ्या दिसतच नाहीत. बेळगावसारख्या सीमेवरच्या गावात तर अजिबात नाही.

हरित उत्पादकता हा शब्द रुळवला एशियन प्रॉडक्टिव्हिटी ऑर्गनायझेशनने, 1994 पासूनच्या तिच्या कार्यक्रमातून. मोजताना एका बाजूला कामगार, भांडवल, ऊर्जा घालायची; दुसऱ्या बाजूला हवं असलेलं उत्पन्न आणि नको असलेलं, म्हणजे कार्बन, धूळ, सांडपाणी, टाकाऊ माल. तेवढ्याच साधनांत हवं ते वाढलं किंवा नको ते घटलं, तर उत्पादकता वाढली. हिशोबासाठी डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस (सर्वोत्तम ठरलेल्यांशी बाकीच्यांची तुलना) आणि माल्मक्विस्ट–लुएनबर्गर निर्देशांक (नको असलेलं उत्पन्न धरून काळानुसार बदल) वापरतात. गणित अवघड नाही; एक्सेल येणाऱ्याला दोन दिवसांत जमेल. अवघड आहे ते कुठली संख्या कुठे घालायची हे.

पहिली अडचण: शहर म्हणजे काय

चिनी अभ्यासांतलं 'शहर' हे बहुधा प्रीफेक्चर असतं. शहर, भोवतालचे तालुके आणि शेती, सगळं त्यात आलं. आपल्याकडे त्याच्या तोडीचं एकक म्हणजे जिल्हा. बेळगाव जिल्हा 13,415 चौरस किलोमीटरचा आणि 2011 च्या जनगणनेनुसार 47 लाखांहून जास्त वस्तीचा. महानगरपालिकेच्या हद्दीत त्यातले जेमतेम 4.88 लाख. जिल्ह्याचा आकडा घेतला की साखर सगळ्यांवर बसते. उसाचा हंगाम कसा गेला, हिडकलला पाणी किती होतं, यावर जिल्ह्याची उत्पादकता वरखाली होते आणि फाउंड्री, सॉफ्टवेअर दोन्ही त्यात बुडतात. कुणी जिल्ह्याच्या आकड्यांवरून 'डिजिटल क्लस्टरचा परिणाम' काढून दाखवला, तर त्याने बहुधा पावसाचा परिणाम मोजला असं समजावं.

म्हणून इथे एकक घेतलं आहे उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक पट्ट्यांतल्या फाउंड्र्या आणि त्यांच्यासाठी काम करू शकतील अशा शहरातल्या डिजिटल कंपन्या. शहराच्या उत्तरेचा अॅल्युमिना कारखाना आणि हत्तरगीचं एरोस्पेस सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) मुद्दाम बाजूला ठेवलं आहे. पहिला एकटाच शंभर भट्ट्यांचा आकडा झाकेल, दुसऱ्यात मूल्य प्रचंड आणि धूर नगण्य. दोन्ही मिसळले की सरासरी कशाचीच राहत नाही.

डिजिटल उद्योग कुणाला म्हणायचं

एकवटलेपण मोजायला स्थान-गुणांक वापरतात: शहराच्या रोजगारात डिजिटलचा वाटा, भागिले राज्याच्या रोजगारात डिजिटलचा वाटा. एकाच्या वर गेला तर क्लस्टर आहे, खाली असला तर नाही. कर्नाटकात हे सूत्र बेंगळुरूमुळे कोलमडतं. समजा बेळगावात हा वाटा 2 टक्के आणि राज्यात 10 टक्के. गुणांक आला 0.2, म्हणजे इथे काहीच नाही. बेंगळुरू वगळून उरलेल्या राज्यात वाटा 1.5 टक्का धरला, तर गुणांक 1.33, म्हणजे चांगलं क्लस्टर. गाव तेच, माणसं तीच. बेंगळुरू वगळूनच मोजावं आणि पातळीपेक्षा दर वर्षीच्या बदलाकडे पाहावं.

दुसरी गफलत एनआयसी कोडची, म्हणजे उद्योगांच्या सरकारी वर्गीकरणाची. प्रोग्रॅमिंगचा कोड 62, माहिती सेवांचा 63. पण बेळगावात फाउंड्रीच्या खऱ्या उपयोगाच्या डिजिटल कंपन्या म्हणजे पॅटर्नचं (साचा पाडायच्या नमुन्याचं) थ्रीडी मॉडेल करणारे, कास्टिंग सिम्युलेशन (ओतकाम आधी संगणकावर करून पाहणं) करणारे, पॅनेलमध्ये पीएलसी (यंत्र चालवणारा कंट्रोलर) बसवणारे. त्यांची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंद) बहुतेक वेळा अभियांत्रिकी सेवांच्या 71 खाली किंवा सरळ यंत्रसामग्रीच्या कोडखाली असते. आणि फाउंड्रीच्याच पगारपत्रकावर बसलेला सिम्युलेशनवाला पोरगा तर 2431 मध्ये, लोखंडाच्या ओतकामात मोजला जातो. नुसता 62 आणि 63 घेतला तर परदेशी गिऱ्हाइकांचं बिलिंग सांभाळणारी चाळीस खुर्च्यांची कंपनी हिशोबात येते आणि भट्टीशी बोलणारा माणूस हिशोबाबाहेर राहतो. उद्यमची यादी घेऊन एकेका नोंदीला 'गिऱ्हाईक कोण' हा एकच प्रश्न विचारावा. वेळखाऊ आहे, पण दुसरा मार्ग नाही.

दोन क्लस्टर, दोन दिशा

राज्य सरकारच्या 'बियाँड बेंगळुरू' धोरणात हुबळी, धारवाड आणि बेळगाव मिळून एक डिजिटल क्लस्टर मानलं आहे. म्हणजे रेघ महामार्ग 48 वरून दक्षिणेकडे गेली. फाउंड्रीची रेघ त्याच रस्त्यावरून उत्तरेकडे जाते: निपाणी, कागल, कोल्हापूरलगतच्या गोकुळ शिरगाव, शिरोली या वसाहती आणि पुढे पुण्याचा वाहन उद्योग. पिग आयर्नचे दलाल, पॅटर्नवाले, भट्टीच्या अस्तराची रॅमिंग मास विकणारे, रिजेक्ट माल परत पाठवणारे गिऱ्हाईक, सगळं त्या बाजूला. अभ्यासात शेजारच्या शहरांचा परिणाम धरायला अंतराचा तक्ता लावतात. तो राज्याच्या हद्दीत लावला तर कोल्हापूर शून्य आणि हुबळी पूर्ण, असं होतं. किलोमीटरने लावला तर दोन्ही शंभराच्या आसपास. इथे राज्याची हद्द धरणं ही सरळ चूक आहे. कर्नाटक आणि महाराष्ट्राची प्रदूषण मंडळं वेगळी, हेस्कॉम आणि महावितरण या दोन वीज कंपन्यांची बिलं वेगळ्या साच्याची, त्यामुळे आकडे जुळवताना त्रास होतो हे खरं. पण त्रास होतो म्हणून कोल्हापूर नकाशावरून पुसता येत नाही.

भट्टीजवळ काय घडतं

ऊर्जाबचतीच्या दृष्टीने बेळगावच्या फाउंड्र्या अपरिचित नाहीत. जागतिक पर्यावरण निधी (जीईएफ), संयुक्त राष्ट्रांची औद्योगिक विकास संस्था (युनिडो) आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो यांच्या लघुउद्योग प्रकल्पात बेळगाव, कोईमतूर आणि इंदूर ही फाउंड्रीची क्लस्टरं निवडली होती. काय करायचं हे म्हणजे माहीत आहे. डिजिटल कंपनीने भर घालायची ती रोज मोजण्यात आणि ओतण्याआधी चूक पकडण्यात.

एक टन लोखंड 1500 अंशांपर्यंत नेऊन वितळवायला शास्त्राप्रमाणे 400 युनिटांच्या आत वीज पुरते. इंडक्शन भट्टीत प्रत्यक्षात 550 ते 700 लागतात. त्यातही टन कुठला, हे महत्त्वाचं. वितळलेला टन वेगळा आणि विकलेला टन वेगळा.

नमुन्यादाखल महिना 200 टन वितळवणारी फाउंड्री घेऊ. टनाला 650 युनिट, यील्ड, म्हणजे वितळलेल्यातला नगात उतरणारा भाग, 60 टक्के (बाकीचं साच्यात धातू पोचवणाऱ्या रनर, रायझरमध्ये), रिजेक्शन 8 टक्के. विकण्याजोगा माल 110.4 टन आणि वीज 1,30,000 युनिट. विकलेल्या टनाला 1,178 युनिट. आता सिम्युलेशनने रायझर सुधारून यील्ड 64 वर आलं, रिजेक्शन 5 वर, आणि मीटरिंगच्या शिस्तीने वीज 610 वर. तेवढाच माल द्यायला वितळवावे लागतील 181.6 टन, वीज सुमारे 1,10,800 युनिट. बचत महिना 19,200 युनिट, जवळपास 15 टक्के. ग्रिडच्या युनिटला 0.7 किलो कार्बन धरला तर साडेतेरा टन.

या बचतीतले सुमारे 12,000 युनिट यील्ड आणि रिजेक्शनमधून येतात, मीटरमधून फक्त 7,200. बहुतेक ठिकाणी खरेदी उलट्या क्रमाने होते. मीटर आणि मोठा स्क्रीन आधी, कारण तो पाहुण्यांना दाखवता येतो.

तुलनेला चाळीस खुर्च्यांचं ऑफिस घ्या. एसी धरून खुर्चीमागे 200 वॅट, नऊ तास, 25 दिवस: महिना 1,800 युनिट. वीज गेल्यावर जनरेटर चालला तर युनिटमागचा कार्बन ग्रिडपेक्षा थोडाच जास्त, पण धूर तिथल्याच गल्लीत. एका मध्यम फाउंड्रीतली बचत अशा दहा ऑफिसांची वीज भागवते. डिजिटल कंपनी स्वतः किती हिरवी आहे, याला म्हणूनच फारसं महत्त्व देण्याचं कारण नाही. तिचं काम भट्टीत शिरतं का, ते बघायचं.

शिरताना काय बिघडतं, ते तपशिलात पाहण्यासारखं आहे.

मीटर बसवायचा तो भट्टीच्या ट्रान्सफॉर्मरच्या येणाऱ्या बाजूला. इन्व्हर्टरच्या पुढे वारंवारता शेकडो हर्ट्झ असते, तिथे साधा मीटर काहीही दाखवतो. सहा-पल्स भट्टी पाचवं आणि सातवं हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पाचपट, सातपट लहरी) सोडते, बारा-पल्स अकरावं आणि तेरावं. ट्रू आरएमएस नसलेला, म्हणजे वेडीवाकडी लाट अचूक न मोजणारा, स्वस्त मीटर यात चुकतो. सीटीचा (मीटरसाठी प्रवाह मोजणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचा) अचूकतेचा क्लास 0.5 असावा. एक सीटी उलटा बसला तर बेरीज खऱ्याच्या एक तृतीयांश येते, कारण दोन फेज अधिक आणि एक वजा. नव्या मीटरचा महिन्याचा आकडा हेस्कॉमच्या बिलाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास दिसला, तर सॉफ्टवेअरवाल्याला फोन करण्याआधी सीटीवरचा बाण बघावा. मीटरचा डेटा नेणारी आरएस-485 ची तार पिळाची आणि शील्डेड, दोन्ही टोकांना 120 ओहम, शील्ड एकाच टोकाला अर्थ, आणि भट्टीच्या वॉटर-कूल्ड केबलपासून लांब. ती केबलट्रेमधून सोबत नेली की भट्टी पूर्ण लोडवर असतानाच डेटा गळतो. नेमका हवा तोच.

हे सगळं नीट झालं तरी चार्जचं (भट्टीत घातलेल्या मालाचं) वजन अंदाजे असेल तर टनामागची वीज ही कल्पनाच. क्रेनच्या हुकाला लोडसेल हवा, आणि प्रत्येक नोंदीला हीट नंबर, म्हणजे त्या खेपेच्या वितळवणीचा क्रमांक. हीट नंबर नसलेला विजेचा आलेख भिंतीवर शोभतो, बाकी उपयोग नाही.

हीटवार आकडे आले की चोर लगेच सापडतात. मोल्ड तयार नाहीत किंवा स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट आलेला नाही म्हणून 500 किलोची भट्टी वीस मिनिटं नुसती धरून ठेवली आणि धरून ठेवायला 40 किलोवॅट लागले, तर 13 युनिट गेले, म्हणजे टनाला 27. झाकण उघडं असेल तर जास्त. 'थंड पडेल' या भीतीने 50 अंश जादा तापवलं तर टनाला आणखी 16 ते 20. दोष मेल्टरचा दिसतो, पण कारण मोल्डिंग लाइनमध्ये असतं, आणि उपायही तिथल्या वेळापत्रकातच. कॉम्प्रेसर हा वेगळा विषय; एवढंच सांगायचं की सात बारवर तीन मिलिमीटरचं भोक सुमारे तीन किलोवॅट खातं आणि ते शोधायला कुठलंही ॲप लागत नाही, रविवारची शांतता पुरते.

सिम्युलेशनचं बिघडणं जास्त महाग. सॉफ्टवेअरमध्ये वाळूचे आणि मिश्रधातूचे गुणधर्म आयते भरलेले असतात. ते आपल्या सिलिका वाळूचे, आपल्या इनॉक्युलेशनचे (ओतण्याआधी धातूत घालायच्या मिश्रणाचे) नसतात. ओतण्याचा वेळ कागदावर आठ सेकंद आणि लॅडलवाल्याच्या हाताने बारा. मग पडद्यावर यील्ड 70 टक्के दिसतं, रायझर छाटला जातो आणि श्रिंकेज (धातू आकसून आत राहिलेली पोकळी) उघडं पडतं ते पुण्यात, गिऱ्हाइकाच्या मशीनवर, महिन्याने. तोवर फाउंड्रीच्या खात्यात यील्ड वाढलेलं, रिजेक्शन घटलेलं. म्हणून मशीनिंगनंतर परत आलेला नग मूळ हीट नंबरवरच नोंदवायचा, आलेल्या महिन्यात नाही. हे न करणाऱ्या फाउंड्रीची हरित उत्पादकता दर तिमाहीला सुधारते आणि वर्षाअखेरीस तिथेच असते. सगळ्या पार्टचं सिम्युलेशनही करू नये. वजनाच्या उतरत्या क्रमाने पहिले पंधरा-वीस पार्ट पुरेत. ज्यांना आधी हात बसवायचा आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईचं ई-फाउंड्री खुलं आहे.

भट्टीजवळच्या पडद्यावर एकच आकडा असावा: या हीटला आतापर्यंत किती युनिट. कामगार खानापूर तालुक्यातले असोत, कन्नडभाषक असोत की ओडिशातून आलेले, आकडा सगळ्यांना वाचता येतो.

निर्देशांक काढताना

ढोबळ नियम असा की साधनं आणि उत्पन्नं मिळून जितके घटक, त्याच्या निदान तिप्पट फाउंड्र्या नमुन्यात हव्यात. कामगार, भांडवल, वीज, विकलेला माल आणि टाकाऊ वाळू हे पाच घेतले तर किमान पंधरा. कमी घेतल्या की निम्म्या फाउंड्र्या 'सर्वोत्तम' ठरतात. वीज आणि कार्बन दोन्ही घालू नयेत. सगळी भट्टी विजेवर असताना कार्बन म्हणजे विजेचाच 0.7 पट, एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि विजेची बचत फुगते. त्याऐवजी टाकाऊ वाळू घ्यावी. तिचे ट्रॅक्टर मोजता येतात, आणि वीज वाचवण्याच्या नादात वाळूकडे दुर्लक्ष झालं तर तेही उघड होतं. विक्री रुपयांत घेऊ नये. स्क्रॅपचा भाव चढला की उत्पादकता वाढल्यासारखी दिसते.

शिनोळीचा हिशोब

बेळगाव–वेंगुर्ला रस्त्यावर 15-20 किलोमीटर गेलं की चंदगड तालुक्यातलं शिनोळी. महाराष्ट्राची औद्योगिक वसाहत, पण कामगारांच्या आणि मालाच्या गाड्या बेळगावच्याच. समजा बेळगावची मूल्यवृद्धी 100 कोटी आणि कार्बन 10,000 टन, त्यातला 8,000 भट्ट्यांचा. टनामागे 1 लाख रुपये. आता शहरात डिजिटल कंपन्या आल्या: 10 कोटी मूल्य, 200 टन कार्बन. त्याच काळात 10 कोटींच्या आणि 4,000 टनांच्या फाउंड्र्या शिनोळीला हलल्या. बेळगावचा नवा हिशोब 100 कोटी, 6,200 टन, टनामागे 1.61 लाख. हरित उत्पादकता 61 टक्क्यांनी वाढली! शिनोळी धरून मोजलं तर 110 कोटी आणि 10,200 टन. वाढ 8 टक्के, आणि तीही फक्त डिजिटलची बेरीज. एकाही भट्टीचं एक युनिट वाचलेलं नाही.

दुसरी शक्यता: कुणी हललं नाही, तेवढ्याच डिजिटल कंपन्या आल्या आणि वरच्या नमुन्याप्रमाणे सगळ्या भट्ट्यांत 15 टक्क्यांच्या आसपास बचत झाली. 110 कोटी, सुमारे 9,000 टन. वाढ 22 टक्के. कागदावर ही पहिलीच्या जवळपास तिसरा हिस्सा. दोन शहरांची तुलना करणारा अभ्यासक पहिल्यालाच पदक देईल. उद्योजकाने शिनोळीला जाऊ नये असं यातून निघत नाही; जमीन, वीजदर, परवाने यांची त्याची कारणं त्याच्यापाशी. मोजणाऱ्याने मात्र चंदगड, कागल धरूनच कुंपण घालावं.

बचत झाल्यावर दर उतरतात, ऑर्डर वाढतात आणि दुसरी पाळी सुरू होते. टनामागचा कार्बन घटतो, एकूण वाढतो. म्हणून टनामागचा आणि एकूण असे दोन्ही आकडे शेजारी छापावेत.

ऑफिस आणि भट्टी यांच्यात

विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं (व्हीटीयू) मुख्यालय इथेच, गोगटे इन्स्टिट्यूट हे अभियांत्रिकी महाविद्यालय 1979 पासून. माणसं तयार होतात, आणि पुण्याला किंवा बेंगळुरूला जातात. शहरात डिजिटल कंपन्या वाढल्या की त्यातली काही थांबतात, हा क्लस्टरचा खरा फायदा. तोटाही त्यातच आहे. बाहेरच्या गिऱ्हाइकाचा दर फाउंड्रीला परवडत नाही, त्यामुळे फाउंड्रीत बसलेला सिम्युलेशनवाला उचलून पहिली नेमणूक तिथेच होते. क्लस्टरच्या सुरुवातीच्या वर्षांत भट्टीजवळची डिजिटल ताकद घटू शकते.

यावर चालण्याजोगी रचना अशी: एका फाउंड्रीने माणूस ठेवायचा नाही, आठ-दहा फाउंड्र्यांनी मिळून एका डिजिटल कंपनीशी वर्षाचा करार करायचा. मोबदल्याचे दोन भाग. पहिला ठरलेला, मीटरची देखभाल आणि महिन्याला ठराविक पार्टचं सिम्युलेशन यासाठी. दुसरा विकलेल्या टनामागे वाचलेल्या युनिटांवर. पायाभूत आकडा करारापूर्वीच्या सहा महिन्यांचा घ्यावा, पार्टच्या वजनाप्रमाणे गट पाडून. नाहीतर जड पार्टची ऑर्डर आली की आपोआप 'बचत' होते आणि भांडण सुरू होतं. मशीनिंगनंतरच्या रिजेक्शनसाठी दुसऱ्या भागातले पैसे तीन महिने रोखून ठेवावेत. सीटीची दिशा आणि लोडसेलचं कॅलिब्रेशन तिमाहीला तपासण्याचं काम तिसऱ्याच माणसाकडे द्यावं, जो ना बिल करतो ना बिल भरतो. डेटा फाउंड्रीच्या नावावर राहील हे पहिल्या पानावर लिहावं, आणि पार्टची ड्रॉइंगं एका फाउंड्रीची दुसरीला दिसणार नाहीत याची सोय आधी दाखवल्याशिवाय सही करू नये. उद्यमबागेत शेजारचाच प्रतिस्पर्धी असतो, आणि असे करार बहुतेक वेळा याच कलमावर अडतात.